पांढरीतले पेव आणि सोपाऱ्याचा करंडक

आपल्या हदगाव परिसरात शेतीच्या जमिनीला ‘काळी’ आणि गाव वसलेल्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. पांढरी म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीचा थर. तिथे पाया खोदताना रांजण, खापरे, क्वचित एखादे नाणे निघते आणि लगेच ‘गुप्तधन’ हा शब्द कानोकानी होतो. धनावर नाग बसला आहे, खड्ड्यात उतरणारा जिवंत परत येत नाही, अशा कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकल्या आहेत.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या कथेची उकल मला पेवात सापडते. तोंड अरुंद, पोट मोठे. तळाशी व भिंतींना कडब्याचे किंवा भुशाचे अस्तर. धान्य भरल्यावर तोंड मातीने बंद. आत धान्याच्या व किड्यांच्या श्वसनाने प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, कीड मरते आणि धान्य टिकते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी राहतो. म्हणूनच जाणती माणसे पेव उघडून ठेवीत, आधी दिवा सोडीत. दिवा विझला तर कोणी उतरत नसे. ज्याने घाई केली तो गुदमरला. त्याला मारणारा नाग नव्हता, वायू होता. कॅनडातील ओक बेटावर पुरलेल्या खजिन्याच्या आशेने दोनशेहून अधिक वर्षे खोदकाम चालले आहे. तेथेही 1965 मध्ये विषारी वायूमुळे एकाच खड्ड्यात चार जण दगावले. खजिना मात्र आजवर मिळालेला नाही.

मग जमिनीत मोलाचे काही पुरलेच नव्हते काय? होते. आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे एका मातीच्या टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते शास्त्रशुद्ध रीतीने खोदले. टेकाड कोट नव्हता, विटांचा स्तूप होता. मध्यभागी विटांच्या कोठडीत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याभोवती आठ ब्राँझच्या बुद्धमूर्ती होत्या. तांब्याच्या आत चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा करंडक होता. सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे तुकडे! तथागतांच्या भिक्षापात्राचे म्हणून ते श्रद्धेने जपलेले होते.

या ठेव्यात यज्ञश्री सातकर्णीचे नाणे मिळाले, तर मूर्ती शैलीवरून आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या ठरतात. म्हणजे मधल्या शतकांत कोणीतरी हा स्तूप उघडला, मूर्ती ठेवल्या आणि तो पुन्हा आदराने बंद केला, असे अनुमान निघते. उघडणाऱ्याने सोने नेले नाही. ज्या समाजाने सोन्याच्या आत मातीचे खापर जपले, त्याची मूल्यव्यवस्था यातून दिसते. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

पालकहो, गुप्तधनाच्या नादी लागून मांत्रिकापायी शेत गहाण टाकणारी घरे आपल्या आसपास आहेत. नरबळीपर्यंत माणसे गेल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार गुन्हा ठरवले आहेत. जुना ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. नाणे वितळवले की केवळ धातू उरतो. ते जागच्या जागी नोंदले गेले तर आपला इतिहास उरतो.

केवळ परंपरेने सांगितले म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना बजावले होते. माजी विद्यार्थ्यांनो, गावात पुढचा खड्डा खोदला जाईल तेव्हा तिथे लिंबू-नारळ घेऊन जाणाऱ्याच्या आधी तुम्ही पोहोचा. हातात वही असू द्या, आणि खड्ड्यात उतरण्यापूर्वी दिवा सोडा.