गुण कोणाला द्यायचे?

गणिताच्या चाचणीत दोघांना १०० पैकी ३२ गुण पडले. एक म्हणाला, "अपूर्णांक पुन्हा करायला हवेत." दुसरा म्हणाला, "मी मठ्ठच आहे!" गुण सारखेच, मग दुसराच खचला, तो का?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३-२००७) यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली. तिचे सूत्र 'ए-बी-सी' असे आहे. ए म्हणजे घडलेला प्रसंग, बी म्हणजे त्याविषयीची आपली धारणा आणि सी म्हणजे त्यातून उद्भवणाऱ्या भावना व वर्तन. ए मुळे थेट सी घडते असे आपल्याला वाटते. पण मधे बी असतो आणि तो बदलता येतो.

कसा? आपल्या विधानाला पुरावा मागा. सायकल शिकलेला, पाढे पाठ असलेला मुलगा 'मठ्ठ' कसा? एलिस यांचे सांगणे असे, की गुण कृतीला द्यावेत, संपूर्ण माणसाला नव्हे. माणूस मोजणारी पट्टी कोठेही नाही.

करून पाहा : वहीत चार रकाने आखा - प्रसंग, धारणा, परिणाम, पुरावा. आठवडाभर रोज एक नोंद करा. शिक्षकांनीही 'तू ढ आहेस' असे न म्हणता 'ही पायरी चुकली' असे म्हणावे.

मात्र उदासी दोन आठवडे हटली नाही किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर वहीवर विसंबू नका. लगेच मोठ्यांना सांगा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.