जपानी येत नाही, तरी एकटीने जाऊ?

प्रश्न : वय ५४. एप्रिलमध्ये एकटीने जपानला निघालेय. जपानीचा गंध नाही, इंग्रजी जेमतेम. वाट चुकले तर, या विचाराने झोप उडते. – एक वाचक, सातारा

उत्तर : चुकालच! शिंजुकू स्टेशनला दोनशेहून जास्त दारं आहेत. तिथे टोकियोचे लोकही गोंधळतात. पण वाचता न येणाऱ्यांची सोय तिथे चांगली आहे. टोकियो मेट्रोत प्रत्येक स्टेशनला अक्षर आणि आकडा असतो. गिंझा मार्गावर उएनो ‘जी १६’, असाकुसा ‘जी १९’. आकडे चढतात की उतरतात एवढं पाहिलं की दिशा कळते. जागोजागी ‘कोबान’ नावाच्या छोट्या पोलीस चौक्या आहेत. पत्ता विचारायला स्थानिकही तिथे जातात, तेव्हा संकोच नको. हॉटेलचा जपानीत छापलेला पत्ता मात्र पर्समध्ये हवाच.

माझ्या मते खरी अडचण जेवणाची, तीही तुम्ही शाकाहारी असाल तर. भाजी दिसते तिथेही ‘दाशी’ नावाचं सार असतं, आणि ते बहुतेक वेळा सुक्या माशाचं. ‘मांस, मासे, माशाचं दाशी चालत नाही’ हे जपानी येणाऱ्या कुणाकडून आधीच कागदावर लिहून घ्या. ॲपवरचं भाषांतर अशा बाबतीत दगा देऊ शकतं. बाकी कामाला ते पुरतं. फक्त जपानी भाषा घरीच डाउनलोड करा, म्हणजे इंटरनेट नसलं तरी चालेल.

पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी ११९. पहिल्या दिवशी हॉटेलच्या आसपासच फिरा.