मायावी कोल्ही आणि जीव घेणारी शिळा

जपानांत टोकियो शहराच्या उत्तरेस तोचिगी प्रांतांत नासू नांवाचें गांव आहे. तेथें १९१५ मीटर उंचीचा एक जागृत ज्वालामुखी असून त्याच्या उतारावर ऊन पाण्याचे झरे आहेत. झऱ्यांजवळच्या उजाड, गंधकाच्या वासानें कोंदलेल्या जागीं एक मोठी शिळा आहे. तिला जपानी लोक 'सेश्शोसेकी', म्हणजे जीव घेणारी शिळा, असें म्हणतात. ता. ५ मार्च २०२२ रोजीं ही शिळा दुभंगलेली आढळली, आणि हां हां म्हणतां देशोदेशीं बोभाटा झाला कीं, शिळेंत कोंडलेली कोल्ही सुटली! या कोल्हीच्या चरित्राचा एक धागा आपल्या पुराणांपर्यंत येऊन पोंचतो, म्हणून तें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें असें आम्हांस वाटतें.

जपानी लोककथांत कोल्हा हा रूप पालटणारा प्राणी आहे. त्याचें वय वाढेल तसतसें त्याचें सामर्थ्य व शेपट्यांची संख्याही वाढत जाते. तो नेहमींच दुष्ट असतो असें मात्र नाहीं. इनारी या धान्यदेवतेचा दूत म्हणून तिच्या देवळांपुढें दगडी कोल्हे बसविलेले असतात. आपली कोल्ही मात्र निराळ्या कुळांतली.

बाराव्या शतकांत तोबा नांवाचा सम्राट होऊन गेला. सिंहासन सोडल्यानंतरही पुष्कळ वर्षें राज्याचीं सूत्रें त्याच्याच हातीं होतीं. कथा अशी कीं, त्याच्या दरबारांत तामामो-नो-माए नांवाची एक रूपवती तरुणी आली. शास्त्रांतील कोणताही प्रश्न विचारावा, तिचें उत्तर तयार. एका रात्रीं मैफल चालू असतां वाऱ्यानें दिवे विझले, तों अंधारांत तिच्या अंगांतून प्रकाश फांकूं लागला. पुढें तोबा आजारी पडला. वैद्य थकले, तेव्हां आबे-नो-यासुनारी नामक ज्योतिष्यानें सांगितलें कीं, या दुखण्याचें मूळ तामामो हीच असून ती मनुष्य नव्हे. कोल्ही मूळ रूपांत नासूच्या माळावर पळाली. तिच्या पाठीवर मिउरा-नो-सुके व काझुसा-नो-सुके हे दोन वीर धाडले गेले. चपळ कोल्हीवर नेम साधावा म्हणून ते आधीं धांवत्या कुत्र्यांवर बाण सोडण्याचा सराव करीत होते. शेवटच्या रात्रीं ती मिउराच्या स्वप्नांत सुंदर स्त्रीच्या रूपानें आली व तिनें जीवदान मागितलें. दुसऱ्या दिवशीं त्याच्याच बाणानें ती पडली. तिचा आत्मा शिळेंत शिरला, आणि जवळ येणारा प्रत्येक जीव मरूं लागला. इ. स. १३८५ च्या सुमारास गेन्नो नांवाच्या झेन भिक्षूनें मंत्र म्हणून हातोड्यानें ती शिळा फोडली व तिला शांत केलें, असें सांगतात. जपानांत एका प्रकारच्या मोठ्या हातोड्याला अजूनही 'गेन्नो' हेंच नांव आहे.

जुन्या कथेंत या कोल्हीला दोनच शेपट्या होत्या. नऊ मागाहून आल्या. तिचें चरित्रही असेंच लांबत गेलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं निघालेल्या एका सचित्र कादंबरीनें तिला तीन देश फिरविले. चीनमध्यें तिनें दाजी राणीच्या रूपानें शांग घराणें बुडविलें. आणि त्यानंतर ती हिंदुस्थानांत, मगध देशीं, हान्झोकु राजपुत्राची पत्नी कायो झाली. तिच्याच नादानें तो सहस्र राजांचीं मस्तकें कापावयास निघाला, असें कादंबरी म्हणते.

हान्झोकु या नांवाच्या चिनी अक्षरांचा अर्थ 'ठिपकेदार पायांचा' असा होतो. संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबावें. हा आपला कल्माषपाद राजा! महाभारताच्या आदिपर्वांत तो वाटेंत भेटलेल्या वसिष्ठपुत्र शक्तीला चाबकानें मारतो, आणि त्याच्या शापानें नरभक्षक बनतो. बौद्ध ग्रंथांतून हीच व्यक्ति चीनला व तेथून जपानला गेली. सहस्र मस्तकांचा सल्ला त्या सूत्रांत त्याला एक पाखंडी गुरु देतो. कोल्हीचें कोठें नांवही नाहीं. उलट विष्णुपुराणांत राजा गुरूलाच प्रतिशाप द्यावयास निघाला असतां त्याची राणी मदयंती त्याला आवरते. तेव्हां मंत्रिलेलें पाणी तो आपल्याच पायांवर सोडतो, आणि त्यामुळें ते पाय ठिपकेदार होतात. म्हणजे जिच्या सांगण्यानें राजा सांवरला, तिच्याच जागीं परदेशीं गेल्यावर राजाला बिघडविणारी कोल्ही येऊन बसली.

तोबाच्या दरबारांतही असेंच कांहीं घडलें असावें. आवडत्या राणीच्या, बिफुकुमोन-इन हिच्या, मुलाला गादी मिळावी म्हणून त्यानें वडील मुलास पद सोडावयास लाविलें. इ. स. ११५६ मध्यें तोबा वारला, आणि वारशाच्या या कलहांतून क्योतो नगरींत लढाई जुंपली. तामामो ही या राणीचीच छाया होय, असें कित्येक अभ्यासक मानतात. निर्णय सम्राटाचा होता. शेपट्या मात्र राणीला फुटल्या.

शिळेचें विष मात्र खरें आहे. तेथील जमिनींतून हायड्रोजन सल्फाइड व सल्फर डायऑक्साइड हे वायु निघतात. दोन्ही हवेहून जड, त्यामुळें वारा पडला कीं ते खोलगट जागीं सांचतात. पहिल्याला सडक्या अंड्यासारखी घाण येते खरी. पण प्रमाण वाढलें कीं तो घ्राणेंद्रियच बधिर करतो, आणि मनुष्यास वाटतें कीं धोका टळला. बाशो हा थोर कवि इ. स. १६८९ मध्यें येथें आला, तेव्हां त्याला खालची वाळू झांकून जाईल इतकीं फुलपांखरें व मधमाश्या मरून पडलेल्या दिसल्या. गेन्नोच्या हातोड्यास तेव्हां तीनशें वर्षें झालीं होतीं. कोल्ही शांत झाली असेल. जमिनीला तें कोणी कळविलें नव्हतें.

फुटण्याच्या आधींपासूनच शिळेला तडा गेलेला होता; त्यांत पावसाचें पाणी शिरून गोठलें व ती फुटली, असें स्थानिक अधिकाऱ्यांचें म्हणणें. तरीही त्याच मार्च महिन्यांत तेथें पुरोहित बोलावून कोल्हीच्या आत्म्यासाठीं प्रार्थना करण्यांत आली. मग डिसेंबरांत शिळेजवळ आठ रानडुकरें मेलेलीं सांपडलीं. रानडुकर नाक जमिनीला लावून चालतें, आणि वायु सांचतो तो तेवढ्याच उंचीवर.