उपकरण विकत आणायचे की बनवायचे? वाहत्या द्रवांचा एक धडा



टूथपेस्टची ट्यूब उघडून उलटी धरा. पेस्ट पडत नाही. जरा दाबली की लगेच बाहेर येते. मग टूथपेस्ट स्थायू की द्रव? सातवीच्या वर्गात हा प्रश्न एकदा विचारून बघा, वर्गाचे दोन तट पडतात!

पाणी, ग्लिसरीन हे साधे द्रव. ढवळण्याचा वेग बदलला तरी त्यांचा दाटपणा बदलत नाही. सॉस, रक्त, रंग, चिखल यांचे तसे नाही. कॉर्नफ्लॉवर पाण्यात दाट कालवा. चमचा हळू घातला तर बुडतो, जोरात आपटला तर अडतो. अशांना जटिल द्रव म्हणतात. ते कसे वाहतात याचा अभ्यास करायचा, तर उपकरण बरेचदा स्वतःच बनवावे लागते.

थोडा इतिहास

१८८३ साली मँचेस्टरला ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतून पाणी सोडले आणि त्यात रंगाची बारीक धार घातली. वेग कमी असताना धार सरळ राहिली. वेग वाढवला तशी ती विस्कटली. १८९० मध्ये मॉरिस कुएत यांनी एकात एक दोन नळकांडी बसवून मधल्या फटीत द्रव भरला. बाहेरचे नळकांडे फिरवले की आतल्याला किती पीळ बसतो, यावरून दाटपणा कळला. १९२३ मध्ये जी. आय. टेलर यांनी तशाच रचनेत आतले नळकांडे फिरवले. ठराविक वेगानंतर द्रवात एकावर एक रचलेल्या कड्यांसारखे भोवरे दिसले. १९९० मध्ये लार्सन, शाकफे आणि म्युलर यांनी दाखवले, की लांब साखळ्यांचे रेणू विरघळवलेला द्रव अगदी हळू फिरवला तरी त्याचा प्रवाह अस्थिर होतो. नळकांडी तीच, द्रव बदलला आणि नवे विज्ञान हाती आले.

पोस्टडॉक म्हणजे काय करतात?

पीएचडीनंतर काही वर्षे संशोधक एखाद्या प्रयोगशाळेत काम करतो, त्याला पोस्टडॉक म्हणतात. यातला बराच काळ उपकरण उभे करण्यातच जातो. नळकांडे किंचित वाकडे असले तर फट सगळीकडे सारखी राहत नाही. सांध्यातून गळते. हवेचे बुडबुडे अडकतात. मोटरची थरथर द्रवात उतरते. खोली तापली की द्रव पातळ होतो. आत काय चालले आहे हे दिसावे म्हणून बारीक कण मिसळून लेझरच्या पातळ पडद्यात त्यांचे फोटो घ्यावे लागतात. आणि यातली प्रत्येक अडचण काहीतरी शिकवून जाते.

वर्गात करून बघा

प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडा. त्यात दहा सेंटिमीटर स्ट्रॉ आडवा बसवा, सांधा एम-सीलने बंद करा. आधी पाणी, मग तेल, शेवटी टोमॅटो सॉस भरा. दर वेळी उंची सारखी ठेवा आणि वेळ मोजा. पाणी भराभर वाहते. तेल हळू, पण वाहत राहते. सॉस बहुधा थोडा येऊन थांबतो. झाकण लावून बाटली दाबली की भसकन बाहेर! म्हणजे सॉसला वाहायला लावायचे तर आधी किमान जोर हवा. टूथपेस्टचेही तेच.

आता माझी चूक सांगते. गेल्या वर्षी एका मुलीची बाटली सारखी गळत होती. तास संपत आला होता. मी म्हटले, "राहू दे गं, फळ्यावर लिहून देते." तिने उत्तर वहीत उतरवले, पण बाटली बाकाखाली सरकवून दिली. दुसऱ्या दिवशी मीच ती काढली आणि तिला विचारले, "कुठून गळतंय, बघूया का?" तिने बाटलीत निळे पाणी भरले, फट शोधली, सांधा कोरडा करून पुन्हा एम-सील लावले. दोन तास गेले. पण नंतर तिने आपणहून विचारले, "बाई, स्ट्रॉ अर्धा कापला तर सॉस वाहील का?"

हा प्रश्न फळ्यावरच्या उत्तरातून आला नसता. गळणारी बाटली तिच्याच हातात राहिली म्हणून तो आला.

तेव्हा मुलांचे उपकरण बिघडले तर लगेच नवे आणून देऊ नका. आधी एवढेच विचारा, "कुठे बिघडलं असेल?" आणि थोडा वेळ थांबा.