साठीनंतरची शर्यत: इच्छा, तयारी आणि मर्यादा



घोडपदेवहून राणीच्या बागेकडे पहाटे निघालेली ज्येष्ठ मंडळी आपण रोज पाहतो. कुणाला डॉक्टरांनी चालायला सांगितलेले असते, कुणाला साखर आटोक्यात ठेवायची असते, तर कुणाला चार समवयस्कांशी बोलायचे असते. या चालणाऱ्यांपैकी एखाद्याच्या मनात आणखी एक इच्छा असते, पण ती सहसा बोलून दाखवली जात नाही. त्याला छातीवर नंबर लावून शर्यतीत धावायचे असते. घरात हा विषय काढला की नातवंडे हसतात, मुलगा म्हणतो, "बाबा, आता या वयात?" आणि सून काळजीने गप्प बसते.

हसणे आणि काळजी या दोन्हींमागे प्रेमच असते. पण त्यामुळे एक चांगली इच्छा विचार न होताच विरून जाते. म्हणून आजच्या पाठात आपण तिचा नीट विचार करू. उतारवयात शर्यत धावता येते का? येत असेल तर तयारी कशी करावी आणि थांबावे कुठे?

१. शर्यतीत वय कसे मोजतात?

ज्येष्ठांच्या मैदानी स्पर्धांना 'मास्टर्स' स्पर्धा म्हणतात. त्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९७५ साली कॅनडातील टोरांटो येथे झाली. पस्तिशीपासून पुढे दर पाच वर्षांचा एक गट असतो: ३५ ते ३९, ४० ते ४४, आणि असे करत नव्वदी-शंभरीपर्यंत. सत्तर वर्षांच्या माणसाला तिशीच्या तरुणाशी स्पर्धा करावी लागत नाही.

या व्यवस्थेत एक गंमत आहे. ६९ वर्षांचा धावपटू आपल्या गटात सर्वांत वयस्कर असतो. सत्तरावा वाढदिवस झाला की तोच माणूस पुढच्या गटात सर्वांत तरुण ठरतो! इतरत्र वाढदिवस आला की एक वर्ष कमी झाले असे आपण म्हणतो. इथे मात्र वाढदिवसाची वाट पाहणारी पांढऱ्या केसांची माणसे भेटतात.

आपल्या देशातील उदाहरणे पाहा. पंजाबच्या मान कौर यांनी वयाच्या ९३ व्या वर्षी धावायला सुरुवात केली आणि २०१७ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे १०१ व्या वर्षी १०० मीटरची शर्यत पूर्ण केली. हरियाणाच्या भगवानी देवी डागर यांनी २०२२ साली फिनलंडमध्ये ९४ व्या वर्षी १०० मीटरचे सुवर्णपदक २४.७४ सेकंदांत मिळवले.

आपल्या मुंबईत २००४ च्या फेब्रुवारीत मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. तिच्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी चार किलोमीटरच्या आसपासची वेगळी दौड असते. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची आणि अर्ध मॅरेथॉन त्याच्या निम्मी. ही शर्यत रविवारी पहाटे असते. आपल्यापैकी जे भाग घेतात त्यांनी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जाण्याचे आधीच ठरवून ठेवावे.

२. बारामतीच्या लताबाई

महाराष्ट्रात ज्येष्ठ धावपटूचे नाव निघाले की लता भगवान करे यांची आठवण होते. मोलमजुरी करून घर चालवणाऱ्या या बाई. पती आजारी पडले आणि तपासणीला पैसे नव्हते. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीला रोख बक्षीस आहे असे त्यांना कळले. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढे त्यांच्या जीवनावर २०२० साली त्यांच्याच नावाचा मराठी चित्रपट आला. त्यात त्यांची भूमिका त्यांनी स्वतःच केली. नवीन देशबोईना दिग्दर्शित या चित्रपटाला ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला.

ही गोष्ट ऐकताना आपले डोळे पाणावतात. पण तिच्यातून चुकीचा धडा घेऊ नये. लताबाईंचे शरीर आयुष्यभराच्या कष्टाने आणि पायी चालण्याने तयार झालेले होते. खुर्चीत बसून निवृत्त झालेल्या माणसाने एका सकाळी उठून तसेच धावू नये. पतीवरच्या प्रेमाने त्यांना धावायचे बळ दिले, पण ते पेलणारे पाय अनेक वर्षांच्या कामाने घडवले होते. ज्यांचे पाय तसे घडलेले नाहीत, त्यांनी ते आता घडवावेत. त्यालाच तयारी म्हणतात.

३. शरीरात काय बदलते?

वयाबरोबर हृदयाचा सर्वाधिक वेग कमी होतो. शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता दर दशकात सुमारे दहा टक्क्यांनी घटते. नियमित व्यायाम करणाऱ्यांची घट सहसा कमी असते. स्नायू बारीक होतात आणि त्यातही झटपट हालचालीचे तंतू आधी जातात. शिरा आणि स्नायुबंध सावकाश भरून येतात. तहानेची जाणीव मंदावते. तोल सांभाळणे कठीण होते.

पण घट म्हणजे शेवट नव्हे. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन शहरात एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या व्यक्तींकडून आठ आठवडे पायाने वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला गेला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली.

स्टॅनफर्ड विद्यापीठाने पन्नाशी ओलांडलेल्या धावपटूंची आणि न धावणाऱ्यांची १९८४ पासून वीसहून अधिक वर्षे नोंद ठेवली. १९ वर्षांनंतर न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के मरण पावले होते, धावणाऱ्यांपैकी १५ टक्के. धावणारे मुळातच अधिक निरोगी असतील, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही "धावल्याने गुडघे झिजतात" ही आपली पक्की समजूत या अभ्यासात खरी ठरली नाही. धावणाऱ्यांच्या गुडघ्यांची झीज इतरांहून जास्त आढळली नाही.

४. तयारीचे सहा नियम

(अ) आधी डॉक्टर. रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून घ्यावा आणि स्ट्रेस टेस्ट हवी का ते विचारावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडीचा वेग मुद्दाम कमी राहतो, म्हणून मनगटावरच्या घड्याळातील आकड्यावर विसंबून राहू नये. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी आणि उपवासाच्या दिवशी लांब धावू नये.

(आ) चालण्यापासून सुरुवात. पहिले दोन महिने फक्त भरभर चालावे. मग एक मिनिट हळू धावणे, दोन मिनिटे चालणे असे आलटून पालटून करावे. आठवड्यातून तीन दिवस पुरे. आठवड्याचे अंतर थोडे थोडेच वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यात कमी करावे.

(इ) नमो मरियाची कसोटी. धावताना एक नमो मरिया न अडखळता म्हणता आली, तर वेग योग्य. मध्येच दम तुटला, तर वेग जास्त. बहुतेक दिवस याच वेगाने धावावे. तीन महिन्यांची बैठक झाल्यावरच आठवड्यातून एक दिवस वेगासाठी द्यावा. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या भंडारवाडा टेकडीसारखा चढ त्यासाठी चांगला. चढावर पंधरा-वीस सेकंद जोर लावावा आणि चालत खाली यावे. सपाटीवर जोरात पळण्यापेक्षा चढावर पायांना हादरे कमी बसतात.

(ई) ताकद आणि तोल. आठवड्यातून दोनदा हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणे आणि भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहणे. चाळीतल्या एका खोलीतही हे जमते. ऐन पावसात रस्ते निसरडे असतात, तेव्हा हाच व्यायाम मुख्य ठेवावा. जेवणात अंडे, मासळी, डाळ, उसळ रोज असावी. स्नायू त्यांच्यावरच बांधले जातात.

(उ) विश्रांतीही सरावच. तरुणाचे शरीर एका रात्रीत सावरते, आपल्याला दोन दिवस लागतात. विश्रांतीच्या दिवसात शरीर मजबूत होते. दुखणे तीन दिवसांत कमी झाले नाही तर धावणे थांबवावे. वेदनाशामक गोळी घेऊन शर्यतीत उतरू नये. घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना तिचा मूत्रपिंडावर ताण येतो.

(ऊ) हवा आणि रस्ता. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर तापते. सूर्योदयापूर्वी धावावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. आपल्याकडे रे रोड आणि गोदीच्या बाजूला ट्रकांची वर्दळ पहाटेपासून असते. उजळ रंगाचा सदरा घालावा, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने जावे आणि खिशात नाव, घरचा नंबर व गोळ्यांची चिठ्ठी ठेवावी.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, तर त्याच क्षणी थांबावे आणि मदत मागावी. शर्यत पुढच्या वर्षीही असते.

५. दोघांचा सराव

एड व्हिटलॉक हे कॅनडातील निवृत्त गृहस्थ. २००३ साली ७२ व्या वर्षी त्यांनी पूर्ण मॅरेथॉन तीन तासांच्या आत संपवली. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही त्याआधी हे जमले नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनी २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंद अशी वेळ दिली. त्यांचा सराव अगदी साधा होता. घराजवळच्या दफनभूमीतील वाटेवर ते हळूहळू, तास-दोन तास, कधी तीन तास फेऱ्या मारत. ८५ व्या वर्षी, २०१६ साली, त्यांनी मॅरेथॉन चार तासांच्या आत पूर्ण केली. त्यानंतर पाचच महिन्यांनी, २०१७ च्या मार्चमध्ये, ते कर्करोगाने वारले. ज्या भूमीकडे आपण सर्वच एक दिवस जाणार आहोत, तिच्याच कडेने हा माणूस वर्षानुवर्षे शांतपणे धावत होता.

दुसऱ्या अमेरिकेतील सिस्टर मॅडोना ब्यूडर. जन्म १९३० चा. एका फादरांनी सुचवले म्हणून ४८ व्या वर्षी त्यांनी धावायला सुरुवात केली. पुढे त्या 'आयर्नमॅन' या अतिकठीण स्पर्धेत उतरू लागल्या. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर पूर्ण मॅरेथॉन, हे सारे एकाच दिवशी! २०१२ साली ८२ व्या वर्षी त्यांनी ती ठरलेल्या वेळेत पूर्ण केली. त्यांच्या वयाच्या स्त्रियांसाठी गटच नव्हते. आयोजकांना ते नव्याने उघडावे लागले.

या दोघांच्या सरावात एक गोष्ट समान आहे. त्यांनी वेगाचा पाठलाग केला नाही, सातत्य सोडले नाही. उतारवयात पुढच्या आठवड्यातही धावता येणे, हाच पहिला नंबर आहे. जो तो टिकवतो, त्याला गटातला नंबरही कधीतरी मिळतो.

६. थांबणे हाही शर्यतीचा भाग

लंडनवासी फौजा सिंग यांनी पत्नी आणि मुलगा गमावल्यानंतर दुःखातून सावरण्यासाठी धावणे धरले. २००० साली ८९ व्या वर्षी ते पहिली मॅरेथॉन धावले. २०११ साली टोरांटोला शंभराव्या वर्षी त्यांनी मॅरेथॉन पूर्ण केली, पण जन्मदाखला नसल्यामुळे गिनीज बुकात त्या विक्रमाची नोंद झाली नाही. (आपल्या बाप्तिस्म्याची नोंदवही किती मोलाची आहे, हे यावरून कळावे.) २०१३ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगला दहा किलोमीटर धावून त्यांनी स्पर्धांचा निरोप घेतला. चालणे मात्र सोडले नाही. १४ जुलै २०२५ रोजी पंजाबातील आपल्या गावाजवळ रस्ता ओलांडताना वाहनाची धडक बसून त्यांचे निधन झाले. शर्यत केव्हा सोडायची हे त्यांनी स्वतः ठरवले होते, घरच्यांच्या भीतीने किंवा लोकांच्या हसण्याने नव्हे.

संत पौलाला शर्यती परिचयाच्या होत्या. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत आणि विजेत्याला पाल्याचा मुकुट मिळे. काही दिवसांत तो सुकून जाई. खेळाडू त्या मुकुटासाठी किती संयम पाळतात, हे पौलाने करिंथकरांना लिहिले. फिलेमोनाला लिहिताना त्याने स्वतःला वृद्ध म्हटले आहे. तिमथ्याच्या दुसऱ्या पत्रात, मरण समोर दिसत असताना, तो आपली धाव पूर्ण झाल्याचे समाधान सांगतो. आपण पहिले आलो असे तो कुठेही म्हणत नाही.

विचार आणि कृतीसाठी

१. आपल्या घरातील ज्येष्ठांनी बोलून न दाखवलेली इच्छा कोणती? या आठवड्यात त्यांना विचारा आणि हसू नका.

२. आपण स्वतः साठीचे असाल, तर आपल्याला थांबवणारे खरे कारण शरीराचे आहे की लोकलाजेचे? शरीराचे असेल तर डॉक्टरांना विचारा. लोकलाजेचे असेल तर उद्या पहाटे बूट घाला.

३. शेजारी एकटे राहणारे कुणी ज्येष्ठ असतील, तर त्यांना राणीच्या बागेपर्यंत सोबत नेता येईल का?