वेळीच कळले असते तर...



नांदगावहून मूल नाशिकला न्यायचे म्हटले की शंभरेक किलोमीटरचा रस्ता. रात्रीची वेळ, मांडीवर तापाने फणफणलेले लेकरू आणि हातात जपमाळ, असा प्रवास आपल्यातील अनेकांनी केला आहे. कॅज्युअल्टीत डॉक्टर तपासतात, "साधा ताप आहे, घरी न्या" म्हणतात आणि बहुतेक वेळा ते खरेच असते. पण कधीतरी ते खरे नसते. निदान चुकते, वेळ निघून जाते. मग आई-वडिलांच्या मनात एकच वाक्य घर करून बसते : वेळीच कळले असते तर!

पवित्र शास्त्र काय सांगते?

हे 'जर-तर'चे दुःख शुभवर्तमानातही आहे (योहान ११:१-४४). लाजरस वारल्यावर येशू बेथानीस पोहोचला, तेव्हा मार्था आणि मरिया या दोघी बहिणी वेगवेगळ्या वेळी त्याला भेटल्या. पण दोघींच्या तोंडी तक्रार एकच होती : प्रभू इथे असता तर भाऊ मेला नसता. येशूने दोघींपैकी एकीलाही अविश्वासू म्हटले नाही. मरियेला रडताना पाहून तो स्वतः रडला. म्हणून ज्या आई-बापाच्या मनात देवाविषयी राग आहे, त्यांनी तो देवापुढेच मांडावा. तीही प्रार्थनाच आहे.

दुसरी आहे कनानी बाई (मत्तय १५:२१-२८). मुलीसाठी ती ओरडत मागे लागली, तेव्हा शिष्यांना तिचा त्रास वाटला आणि तिला वाटेला लावावे असे ते म्हणाले. ती हटली नाही. शेवटी येशूने तिच्या चिकाटीला मोठा विश्वास म्हटले.

एका बापाची गोष्ट

मे १९५३. दौंडचे डॉक्टर त्र्यंबक बापू गोडबोले यांचा सुमारे वीस वर्षांचा मुलगा आनंद रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनारी अपघातात सापडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. टॅक्सीतून सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्यात आणले. हाड मोडले आहे हे निदान बरोबर होते. पण इतक्या प्रवासाने थकलेल्या मुलाची अवस्था लक्षात घेतली गेली नाही. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड ओढण्यात आले. सगळे ठीक आहे असे आश्वासन मिळाल्यामुळे वडील संध्याकाळी दौंडला परतले, आई मुलाजवळ राहिली. त्याला श्वास घेणे जड जात आहे हे आईच्याच लक्षात आले. रात्री नऊ वाजता आनंद गेला.

वडील न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १९६८ साली लागला. भरपाई तीन हजार रुपये! पण त्या निकालाने डॉक्टरची तीन कर्तव्ये स्पष्ट केली : रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करायचा हे ठरवताना आणि प्रत्यक्ष उपचार करताना योग्य काळजी घेणे. आजही त्या निकालाचा आधार घेतला जातो.

लक्षात घ्या, हा बाप स्वतः डॉक्टर होता. त्यालाही आश्वासन खरे वाटले. मग आपण साध्या माणसांनी विश्वास ठेवला तर त्यात आपला गुन्हा कसा?

मी पाप केले का?

पवित्र ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार गंभीर पापासाठी तीन गोष्टी लागतात : विषय गंभीर असणे, पूर्ण जाणीव आणि मनापासून संमती. ज्या आईला धोका माहीतच नव्हता, तिने पाप केलेले नाही. तरीही मन खात असेल तर धर्मगुरूंशी जरूर बोलावे. पती-पत्नींनी एकमेकांवर बोट ठेवू नये. दुःख दोघांचे असते, पण ते एकाच वेळी आणि एकाच रीतीने बाहेर येत नाही.

क्षमा आणि सत्य

क्षमा करणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. काय घडले हे विचारण्याचा हक्क आई-वडिलांना आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार केसपेपरची प्रत मागितल्यावर ती ७२ तासांत मिळायला हवी. मात्र डॉक्टरची प्रत्येक चूक हा हलगर्जीपणा नसतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले आहे. म्हणून दवाखान्यात तोडफोड किंवा मारहाण नको. शांतपणे, लेखी विचारावे.

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात २०२१ च्या पवित्र शनिवारी ऐश्वर्या ही सात वर्षांची भारतीय वंशाची मुलगी रुग्णालयात जंतुसंसर्गाने दगावली. तिची तब्येत बिघडत आहे हे तिचे आई-वडील पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांनी नंतरही आवाज उठवला. आज तिथे तिच्या नावाची व्यवस्था आहे : मूल बिघडतेय असे वाटल्यास कुटुंबीय फोन करून पुन्हा तपासणी मागू शकतात.

आपण काय करावे?

१. मूल उठवूनही नीट जागे होत नाही, श्वास जलद चालतो किंवा बरगड्यांखाली खड्डे पडतात, अंग तापलेले पण हातपाय गार, झटके, दाबूनही न जाणारे जांभळट डाग, कितीतरी तास लघवी नाही, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. १०८ ला फोन करा.

२. घरी पाठवले तर विचारा : "कोणती लक्षणे दिसली तर परत आणू?" बिघडले तर त्याच रात्री परत न्या. संकोच करू नका. कनानी बाई आठवा.

३. ताप कधी आला, कोणते औषध किती वाजता दिले, हे कागदावर लिहून न्या.

४. शेजारच्या घरी असे दुःख आले तर "देवाला आवडला म्हणून नेला" किंवा "जरा लवकर न्यायला हवे होते" असे म्हणू नका. डबा घेऊन जा, जवळ बसा, आणि वर्षभराने त्या मुलाच्या वाढदिवशीही जा. येशू बेथानीस उशिरा पोहोचला, पण गेला.

चिंतनासाठी : आपल्या समूहात लेकरू गमावलेले कोणते घर आहे? आपण त्या घरी शेवटचे कधी गेलो?

प्रार्थना : हे प्रभू येशू, लाजरसाच्या कबरेजवळ तू रडलास. ज्या आई-वडिलांच्या मनात 'वेळीच कळले असते तर' हा प्रश्न जागा आहे, त्यांच्याजवळ राहा. डॉक्टर आणि परिचारिकांना ऐकणारे कान दे, आम्हांला बोलण्याचे धैर्य दे. आमेन.