नावाची नोंद आणि लग्नाचा बाजार : ‘दि इंपॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या सुखात्मिकेतील उपरोध

ऑस्कर वाइल्डच्या ‘दि इंपॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या नाटकाच्या वाट्याला एक चमत्कारिक प्रसिद्धी आलेली आहे. नाटक सर्वांना आवडते, त्यातील चटकदार वाक्ये अनेकांच्या तोंडी असतात, आणि नेमक्या याच कारणाने ते बारकाईने वाचण्याची गरज फारशी कोणाला भासत नाही. १४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. समीक्षक म्हणून नाटक पाहणाऱ्या बर्नार्ड शॉला हसू आले, तरी नाटक हृदयशून्य वाटले. विल्यम आर्चरला ते आवडले. परंतु ज्यात कसलाही विचार हाती लागत नाही अशा कृतीचे समीक्षकाने करावे काय, असा पेच त्याला पडला. पुढील चर्चा पुष्कळशी या दोन प्रतिक्रियांच्या चौकटीतच फिरत राहिली. आपल्या वर्गांतूनही हे नाटक सुभाषितांच्या संग्रहासारखे शिकवले जाते आणि उत्तरपत्रिकांत ‘व्हिक्टोरियन ढोंगावरील उपहास’ या एका शब्दसमूहात त्याची बोळवण होते. हा उपहास नेमका कशाचा आणि तो कोणत्या रीतीने घडतो, हा प्रश्न तसाच राहतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन मर्यादित आहे. या नाटकातील समाजात माणसाची ओळख ही त्याच्या चारित्र्यात किंवा अनुभवात नसून नोंदीत आहे : भेटकार्ड, दाखला, तिकीट, मृत्युपत्र, सैन्याधिकाऱ्यांची यादी. परंतु ही नोंद सर्वांकडे सारख्याच काटेकोरपणे मागितली जात नाही. ती कोणाकडे मागितली जाते आणि कोणाला माफ होते, यातच वाइल्डचा वर्गविषयक उपरोध दडलेला आहे.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात. १८७० नंतरच्या दशकांत इंग्लंडमध्ये धान्याचे भाव घसरले आणि जमिनीवर जगणाऱ्या सरदारवर्गाचे उत्पन्न आटत गेले. १८९४ मध्ये अर्थमंत्री हारकोर्टने वारसांच्या संपत्तीवरील मृत्युकर नव्या स्वरूपात बसवला. त्यापूर्वी, १८८२ च्या कायद्याने विवाहित स्त्रीला आपली मालमत्ता स्वतःच्या नावे राखण्याचा हक्क मिळाला होता. म्हणजे ज्या घराण्यांजवळ नाव होते त्यांच्याजवळ पैसा उरत नव्हता आणि ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांना नाव हवे होते. लेडी ब्रॅकनेल जमिनीपेक्षा रोख्यांतील गुंतवणूक पसंत करते, ती लहर म्हणून नव्हे. जमिनीवर हयातीतही कर आणि मेल्यानंतरही कर, हा तिचा हिशेब त्या वर्षीच्या प्रेक्षकांना वर्तमानपत्रातून ठाऊक होता.

पहिल्या अंकातील मुलाखतीचा प्रवेश या दृष्टीने पाहावा. जॅक वर्दिंगने ग्वेंडोलेनला मागणी घातली आहे. तिची आई लेडी ब्रॅकनेल वही-पेन्सिल घेऊन बसते. तिच्याजवळ योग्य स्थळांची एक यादी आहे, तीत जॅकचे नाव नाही. परंतु उत्तरे समाधानकारक मिळाली तर ते घालण्याची तिची तयारी आहे. आपल्याकडे पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीला जे प्रश्न विचारले जात, ते येथे मुलाला विचारले जातात एवढाच फरक. वय एकोणतीस. धूम्रपान करतो, हे चांगले, कारण पुरुषाला काहीतरी उद्योग हवा. उत्पन्न वर्षाला सात ते आठ हजार पौंड. खेड्यात घर आणि सुमारे पंधराशे एकर जमीन, शहरात बेलग्रेव्ह स्क्वेअरमध्ये घर. बाजू मात्र चालू फॅशनची नाही, पण ती बदलता येईल. बाजू बदलायची की फॅशन, असे विचारल्यावर गरज पडल्यास दोन्ही, असे उत्तर येते. येथवर सारे ठीक. मग आईवडिलांचा प्रश्न निघतो आणि डोलारा कोसळतो.

जॅक हा सापडलेला मुलगा आहे. व्हिक्टोरिया स्टेशनवरील सामानघरात, ब्रायटनच्या मार्गावर, एका हँडबॅगेत तो थॉमस कार्ड्यू या दयाळू गृहस्थास मिळाला. त्या गृहस्थाच्या खिशात वर्दिंग या समुद्रकाठच्या गावाचे पहिल्या वर्गाचे तिकीट होते, म्हणून मुलाचे आडनाव वर्दिंग. नाटकाचा बराचसा भाग वाइल्डने १८९४ च्या उन्हाळ्यात वर्दिंग येथेच राहून लिहिला होता. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते असे की जॅकची पहिली नोंद ही रेल्वेच्या तिकिटावरची आहे आणि ते तिकीटही दुसऱ्याचे आहे. लेडी ब्रॅकनेलला यात फ्रेंच राज्यक्रांतीचे अतिरेक आठवतात. वरवर हा निव्वळ विक्षिप्तपणा. पण ज्या समाजाची रचना जन्मावर उभी आहे तेथे जन्मस्थान म्हणून सामानघर सांगणारा श्रीमंत मनुष्य खरोखरच क्रांतिकारक ठरतो. तिचा उपायही तर्कशुद्ध आहे : हंगाम संपण्यापूर्वी शक्य तितक्या लवकर काही नातेवाईक मिळवावेत आणि कोणत्याही लिंगाचा एक तरी पालक हजर करावा. नातेवाईक ही मिळवण्याची, जणू विकत घेण्याची, वस्तू आहे.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. सात-आठ हजारांचे उत्पन्न असूनही जॅक नापास होतो. मग तिसऱ्या अंकात सेसिली कशी उत्तीर्ण होते? सेसिली कार्ड्यू ही जॅकच्या पालकत्वाखालील अठरा वर्षांची मुलगी. लेडी ब्रॅकनेलचा भाचा अल्जर्नन तिच्याशी लग्न ठरवतो, तेव्हा हिचाही लंडनच्या एखाद्या मोठ्या रेल्वे स्टेशनाशी संबंध आहे काय, असे ती कुत्सितपणे विचारते. जॅक चवताळून सेसिलीचे दाखले मोजून दाखवतो : जन्म, बाप्तिस्मा, डांग्या खोकला, नोंदणी, देवी काढल्याचा दाखला, धर्मदीक्षा, आणि गोवर, तोही जर्मन व इंग्रजी अशा दोन्ही प्रकारचा. इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद १८३७ पासून सुरू झाली आणि १८५३ पासून देवी काढणे सक्तीचे झाले. म्हणजे ही यादी केवळ कल्पनाविलास नाही. एका मध्यमवर्गीय मुलीचे आयुष्य कागदांच्या एका चळतीत पुरते बांधता येत होते. पण लेडी ब्रॅकनेल या चळतीने विरघळत नाही. ती निघण्याच्या बेतात असते. सेसिलीच्या नावे सरकारी रोख्यांत एक लाख तीस हजार पौंड आहेत हे कळताच ती पुन्हा खाली बसते आणि मुलीच्या प्रोफाइलचे कौतुक करू लागते.

फरक असा की वधू पैसा आणते आणि वर नाव आणतो. लग्नानंतर सेसिलीचे कार्ड्यू हे आडनाव नाहीसे होणार, तेव्हा त्याच्या उगमाची चौकशी फार खोलवर करण्याचे कारण नाही. जॅकचे नाव मात्र ग्वेंडोलेनला आणि तिच्या मुलांना चिकटणार. पुरुषाच्या बाबतीत पैशाने भागत नाही, स्त्रीच्या बाबतीत पैशानेच भागते. लेडी ब्रॅकनेल स्वतःही लग्नाच्या वेळी निर्धन होती, हे ती लपवत नाही. आपल्या मार्गात मात्र तिने ते येऊ दिले नाही. लॉर्ड ब्रॅकनेल नाटकभर रंगमंचावर येतच नाही. जेवणाच्या पंगतीचे गणित जमेना की तो वर आपल्या खोलीत जेवतो. त्याने आपले नाव दिले, आता त्याचे काम संपले.

मुलीच्या मताचे काय? ग्वेंडोलेन आईविरुद्ध बंड करते असे सामान्यतः म्हटले जाते. मला ते पटत नाही. अर्नेस्ट नावाच्या पुरुषावरच प्रेम करायचे, हा तिचा आदर्श आहे. जॅक या नावात तिला काडीचाही नाद जाणवत नाही. सेसिली तर अर्नेस्टला पाहण्यापूर्वीच त्याच्याशी वाङ्निश्चय करून बसली आहे. रोजनिशीत तशी नोंद आहे, अंगठी तिनेच आणली आहे आणि त्याची प्रेमपत्रेही तिनेच लिहिली आहेत. आईला वराचे आडनाव हवे, मुलीला वराचे पहिले नाव हवे. समोरच्या माणसाविषयी दोघींनाही सारखेच थोडे कुतूहल आहे. ग्वेंडोलेन कालांतराने आपल्या आईसारखी होणार नाही ना, ही भीती जॅकच्या मनात उगाच येत नाही.

या नावाचा श्लेष मराठीत उतरत नाही हे येथेच नमूद करावे. उच्चाराने ‘अर्नेस्ट’ हे विशेषनामही आहे आणि विशेषणही. रग्बीच्या थॉमस आर्नल्डपासून इंग्रज मध्यमवर्गाने जी कळकळीची, निष्ठेची, गंभीर वृत्तीची शिकवण घरोघर पोचवली, तिचे ते बीजपद होते. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये मोलिएरचा घोटाळा आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकाच्या वाटेने मराठीत सुखरूप पोचला, कारण मत्सर आणि गैरसमज कोणत्याही समाजात रुजतात. वाइल्डचा घोटाळा एका भाषेतील एका शब्दावर उभा आहे, आणि तो शब्द म्हणजे त्या समाजाचे नीतिशास्त्र.

नोकरांच्या भूमिकांकडेही आपल्याकडे दुर्लक्ष होते. पहिल्या अंकात मावशीसाठी आणलेली काकडीची सँडविचे अल्जर्नन स्वतःच फस्त करतो आणि लेन हा नोकर, बाजारात रोख पैसे देऊनही काकड्या मिळाल्या नाहीत, असे शांतपणे खोटे सांगतो. धन्याची प्रतिष्ठा नोकराच्या असत्यावर तोललेली आहे, आणि लेनच्या चेहऱ्यावरील रेषाही हलत नाही. दुसऱ्या अंकातील चहाचा प्रवेश याहून सूक्ष्म आहे. आपण दोघी एकाच अर्नेस्टच्या वाग्दत्त वधू आहोत असा समज होऊन ग्वेंडोलेन आणि सेसिली भांडायला उभ्या राहतात, तोच मेरिमन हा बटलर चहाचे साहित्य घेऊन येतो. त्याच्या उपस्थितीत दोघींना सभ्यतेने बोलणे भाग पडते. मग भांडण वस्तूंतून चालते : नको म्हटलेली साखर चार खडे भरून चहात पडते, लोणी-पाव मागितला असता केकचा तुकडा पुढे जातो, आणि तो केक पाहुणीपुढे करण्याचा हुकूम मेरिमनलाच मिळतो. ज्याच्यासमोर सभ्यता टिकवायची त्याच्याच हातून असभ्यता पोचवायची, हे वर्गसंबंधांचे चित्र शॉच्या लक्षात आले नाही याचे आश्चर्य वाटते.

नाव घेण्याला किंमत पडते, याची जाणीव मूळ संहितेत अधिक उघड होती. वाइल्डने नाटक चार अंकांत लिहिले. नट-व्यवस्थापक जॉर्ज अलेक्झांडरच्या आग्रहावरून ते तीन अंकांचे झाले आणि ग्रिब्सबी या वकिलाचा प्रवेश गळाला. अर्नेस्टच्या नावे सॅव्हॉय हॉटेलात ७६२ पौंडांहून अधिक देणे थकले आहे, आणि त्याला हॉलोवेच्या तुरुंगात नेण्यासाठी ग्रिब्सबी खेड्यातील घरी येतो. कर्ज केले जॅकने, अर्नेस्ट म्हणून उभा आहे अल्जर्नन. कायद्याला माणसाशी कर्तव्य नाही, नावाशी आहे. हा प्रवेश गळाल्याने प्रयोग आटोपशीर झाला हे मान्य. पण नाटकाच्या विनोदाखालचा एक खडक त्यामुळे झाकला गेला.

शेवटचा उलगडा नीट तपासून पाहिला पाहिजे. १८९३ च्या ‘अ वुमन ऑफ नो इंपॉर्टन्स’ या नाटकात वाइल्डने वडिलांचे नाव नसलेल्या मुलाची आणि फसवल्या गेलेल्या आईची करुण कथा सांगितली होती; पापाची शिक्षा स्त्रीलाच का, हा प्रश्न तेथे डोळ्यांत पाणी आणून विचारला जातो. दोनच वर्षांनी जॅक तोच प्रश्न मिस प्रिझमला मिठी मारत विचारतो, कारण हँडबॅग तिची असल्याने ती आपली आई असावी असे त्याला वाटते. मिस प्रिझम मात्र अविवाहित आणि संतप्त आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिने फक्त बाबागाडीत आपल्या तीन खंडी कादंबरीचे हस्तलिखित आणि हँडबॅगेत मूल ठेवले होते. वाइल्ड येथे स्वतःच्याच भावविवशतेचे विडंबन करतो. याला हृदयशून्यता म्हणण्याआधी, ते हृदय प्रेक्षागृहात किती स्वस्तात विकले जात होते हेही पाहावे.

जॅक हा लेडी ब्रॅकनेलच्या बहिणीचा मुलगा, अल्जर्ननचा थोरला भाऊ ठरतो. आता त्याचे खरे नाव काय? लेडी ब्रॅकनेल सांगते की थोरला मुलगा म्हणून त्याला वडिलांचेच नाव दिले असणार. पण त्या जनरलचे नाव तिला आठवत नाही. जॅक सैन्याधिकाऱ्यांच्या याद्या उपसतो आणि अर्नेस्ट जॉन हे नाव मिळते. सारे आनंदतात. परंतु यादी वडिलांची आहे. मुलाच्या बाप्तिस्म्याचा दाखला कोणी पाहिलेला नाही, कोणी मागितलेलाही नाही. पैशाने मिळणाऱ्या इतर सुखसोयींबरोबर बाप्तिस्माही झालाच असणार, एवढ्या आश्वासनावर काम भागते. सेसिलीला गोवराचासुद्धा दाखला द्यावा लागला, आणि मॉनक्रीफ घराण्यातील मुलाला स्वतःच्या नावाचाही द्यावा लागत नाही. एकदा वर्ग निश्चित झाला की नोंदीची जागा रूढी घेते. शेवटी सारे जुळून येते म्हणून नाटक प्रस्थापिताला शरण जाते, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर मला या गाळलेल्या दाखल्यात दिसते. व्यवस्थेला हवे ते सर्व वाइल्ड देतो, फक्त पुरावा देत नाही.

लेखकाच्या नावाचे पुढे जे झाले ते सर्वश्रुत आहे, पण त्याचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पहिल्या प्रयोगानंतर चारच दिवसांनी, १८ फेब्रुवारी रोजी, क्वीन्सबरीच्या मार्क्विसने वाइल्डच्या क्लबात अपमानकारक मजकुराचे भेटकार्ड ठेवले. त्यावरून वाइल्डने बदनामीची फिर्याद केली आणि ती त्याच्यावरच उलटली. ५ एप्रिलला अटक झाल्यावर त्याला हॉलोवेच्याच तुरुंगात ठेवण्यात आले. सेंट जेम्सच्या जाहिरातींतून त्याचे नाव काढले गेले, नाटक काही दिवस बिननावाचे चालले आणि मे महिन्यात बंद पडले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. सुटकेनंतर तो सेबॅस्टियन मेलमॉथ या नावाने युरोपात वावरला. १८९८ मध्ये त्याची तुरुंगावरील दीर्घ कविता सी. ३. ३. या कोठडीच्या क्रमांकाखाली प्रसिद्ध झाली. ‘अर्नेस्ट’चे पुस्तक लेनर्ड स्मिदर्सने १८९९ मध्ये काढले. मुखपृष्ठानंतरच्या पानावर नाटककाराचे नाव नाही; ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’च्या लेखकाकडून, एवढेच आहे.